आई पडली; आरोपी कोण?

घरातील वृद्ध आई न्हाणीघरात घसरून पडली, तर पहिला प्रश्न कोणता विचारला जावा? ती शुद्धीवर आहे काय, पाय हलवता येतो काय, डोक्याला मार लागला आहे काय. प्रत्यक्षात मात्र विचारले जाते, "त्या वेळी घरात कोण होते?" हा प्रश्न बहुधा दूरध्वनीवरून येतो. विचारणारा पुण्यात असो वा न्यू जर्सीत, आईच्या उशाशी नसतो एवढे नक्की. आणि उत्तर द्यावे लागते ते सुनेला.

मध्यमवर्गीय सुशिक्षित घरांतून ही एक विचित्र धास्ती बळावली आहे. आईची काळजी असतेच. पण तिच्याहून मोठी चिंता असते ती आपल्यावर ठपका येईल याची. रुग्णालयात नेले तर 'पोलीस केस' होईल म्हणून सकाळपर्यंत वाट पाहिली जाते. नेलेच, तर 'पडली' असे न सांगता 'चक्कर आली, अशक्तपणा आहे' असे सांगितले जाते. या चातुर्याची किंमत आई मोजते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या वृद्धाच्या डोक्याला मार लागला, तर मेंदूतील रक्तस्राव काही तासांनी, क्वचित काही दिवसांनीही प्रकट होतो. पडल्याचेच दडवले, तर डोक्याचा स्कॅन करावा हे डॉक्टरांना सुचावे कसे? खुब्याचे हाड मोडले असेल, तर शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावी लागते. अंथरुणावर दिवस जाऊ लागले, की न्यूमोनिया आणि पाठीवरचे व्रण फार काळ थांबत नाहीत.

वस्तुतः घरात कोणी घसरून पडणे हा कोणाचाही गुन्हा नव्हे. डॉक्टरांना इजेविषयी शंका आली, तर ते मेडिको-लीगल नोंद करून पोलिसांना कळवतात; ती नोंद म्हणजे आरोप नव्हे. दुर्दैवाने मृत्यू ओढवला, तर अकस्मात मृत्यूची नोंद होऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चौकशी होते, पंचनामा व शवविच्छेदन होते. शोकाच्या घडीला हे जिवावर येते, हे मान्य. परंतु ती मृत्यूच्या कारणाची चौकशी असते, घरच्यांवरील खटला नसतो. उलट आज एक आणि उद्या दुसरे सांगणाऱ्या कुटुंबावरच संशयाची सावली पडते.

ज्येष्ठांच्या संरक्षणाचा २००७ चा कायदा शिक्षा सांगतो ती वृद्धाला वाऱ्यावर सोडून देण्याच्या हेतूने टाकणाऱ्याला : तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि निर्वाहाची जबाबदारी तो कोणावर टाकतो? सज्ञान मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर. त्या व्याख्येत सून नाही. सून व जावई यांचा समावेश सुचवणारे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे कायदा ज्यांना जबाबदार धरतो ते फोनवर न्यायाधीश, आणि रात्री दोनदा उठून सासूला आधार देणारी पिंजऱ्यात! पितृऋणाच्या गोष्टी आपण मोठ्या अभिमानाने करतो. पण ते ऋण म्हणजे मुलांनी काढलेली आणि सुनेने वटवायची हुंडी नव्हे.

चोवीस तास पहारा ठेवूनही माणूस पडतो. वय, मंद दृष्टी, झोपेची गोळी, उठताना एकदम उतरणारा रक्तदाब, गुळगुळीत फरशी ही कारणे कोणाच्या दुष्टाव्यातून येत नाहीत. त्यांतील काही मात्र चार पैशांत टळतात. तेव्हा दूरच्या मुला-मुलींना चौकशी करायचीच असेल, तर न्हाणीघरात धरायला दांडी का नव्हती, रात्रीचा दिवा का नव्हता आणि त्यासाठी गेल्या पाच वर्षांत आपण किती पैसे पाठवले, येथून त्यांनी ती सुरू करावी.