हिशेब शिकावा तो खऱ्या वहीवर

महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन ठेवलें. प्राथमिक शाळेंत मोडी-बाळबोध लिहिण्यावाचण्याबरोबर हिशेब आणि शेतीचें ज्ञानही शिकवावें, अशी त्यांची मागणी होती. कारण उघड आहे. ज्याला हिशेब येत नाहीं, त्याचा घाम दुसऱ्याच्या वहींत जमा होतो.

आज आमचीं मुलें पदवीपर्यंत पोहोंचलीं आहेत. देवळाली कॅम्प येथें मराठा विद्या प्रसारक समाजाचें महाविद्यालय आहे. तेथें वाणिज्य शाखाही आहे. भगूर, लहवित अशा आसपासच्या गांवांतील कुणब्या-कारागिरांच्या दाराशीं ही विद्या आली, ही लहान गोष्ट नव्हे. पण हिशेबाचा पेपर सोडविणें आणि हिशेब ठेवणें हीं दोन निराळीं कामें आहेत. पेपरांत आंकडे आयते मिळतात. व्यवहारांत ते शोधावे लागतात. एक पावती फाटलेली, एक उधारी तोंडी, एक रक्कम घरखर्चांत मिसळलेली!

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें एका खऱ्या घराची वही वर्षभर लिहावी. कॅम्पांतील शिंपी घ्या, गांवचा सुतार घ्या, द्राक्षबागाईतदार घ्या. रोजकीर्द, खतावणी, वर्षअखेरचा नफा-तोटा सारें त्यानेंच करावें. घरच्या माणसांची मजुरी धरल्यावर नफा किती उरतो, हें त्याला तेथेंच कळेल. बाजार समितींतील पट्टीही हातीं येईल. फळें-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेतां खरेदीदाराकडून घ्यावी, असा नियम राज्यांत २०१६ सालीं झाला. ती दुसऱ्या नांवानें कापली गेली काय, हें ओळखणारी नजर पुस्तकानें येत नाहीं.

ही कल्पना नवी नाहीं. चार्टर्ड अकाउंटंट होणाऱ्यास आजही दोन वर्षें प्रत्यक्ष कामावर बसावें लागतें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें पदवीच्या अभ्यासांतही अशा कामाला जागा दिली. मात्र त्या नांवाखालीं पोराला चहा आणावयास लावून शेवटीं सहीशिक्क्याचा दाखला दिला, तर ती फसवणूक होय. शिक्षकानें दरमहा वही तपासावी, घरची गोष्ट बाहेर फुटूं देऊं नये, आणि गुण दाखल्याला नव्हे, वहीला द्यावेत.

शेतकरी-कारागीर बंधुभगिनींनो, तुम्हीही वही दडवूं नका. गांवच्या पोराला ओटीवर बसवा, पावत्यांची पिशवी त्याच्यापुढें ओता. त्याला कामाची विद्या मिळेल. आणि सावकारानें सांगितलेला आंकडा मान्य करण्यापूर्वीं तुम्हांला आपला आंकडा पाहतां येईल.