इस्लामी तत्त्वज्ञानाचा मृत्युलेख कोण लिहितो?

२०२२ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने अकरावीच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमातून मध्यवर्ती इस्लामी प्रदेशांवरील प्रकरण काढून टाकले. विद्यार्थ्यांवरील अभ्यासाचा भार हलका करायचा, हे त्याचे अधिकृत समर्थन. परंतु ओझ्यातून नेमका कोणता धोंडा उचलून फेकला जातो, यावरून फेकणाऱ्याचा हेतू उघडा पडतो. बगदाद, बुखारा आणि कोर्दोबा येथे शतकानुशतके चाललेल्या वैचारिक झगड्याची भारतीय विद्यार्थ्याला शाळेत ओळख होण्याची एक वाट त्यामुळे बंद झाली.

यामागचा सिद्धांत जुना आणि परिचित आहे. मुसलमानांपाशी ग्रंथ आहे, विचार नाही. जो काही विचार होता तो ग्रीकांकडून उसना आणलेला. आणि तोही अकराव्या शतकाच्या अखेरीस गझालीने गाडून टाकला, असा हा सिद्धांत. हिंदुत्ववादी प्रचारक तो व्यासपीठावरून सांगतात. आश्चर्य असे की, त्यांचे कट्टर वैरी म्हणवणारे मुस्लिम मूलतत्त्ववादीही हेच सांगतात. त्यांच्या मते तत्त्वज्ञान हे परकीय विष होते, ते उतरले हे बरेच झाले आणि खऱ्या इस्लामला एकच आवाज असतो. मृत्युलेख एकच, खाली सह्या दोन! आणि खेदाची गोष्ट ही की, पुरोगामी चळवळीतील कित्येक प्रामाणिक कार्यकर्तेही अभ्यासवर्गात नकळत याच मृत्युलेखाचे वाचन करतात.

वसाहतवादाची टांकसाळ

हे नाणे प्रथम पाडले गेले ते युरोपात. १८८३ च्या मार्च महिन्यात पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात फ्रेंच विद्वान एर्नेस्त रेनां याने इस्लाम आणि विज्ञान यांच्यात मूलभूत वैर असल्याचे प्रतिपादन केले. अरब वंशाच्या ठायी तत्त्वचिंतनाची पात्रताच नाही, हाही त्याचा दावा होता. फ्रान्सने १८३० मध्ये अल्जीरियावर चढाई केली होती आणि १८८१ मध्ये ट्युनिशिया ताब्यात घेतला होता. ज्यांची भूमी बळकवायची त्यांना विचारशक्तीच नाही असे ठरले, म्हणजे लुटीला सुसंस्कृततेचा मुलामा चढतो.

त्याच वर्षी मे महिन्यात जमालुद्दीन अफगाणीने पॅरिसच्याच वृत्तपत्रातून रेनांला उत्तर दिले. धर्मसंस्थेने बुद्धीचा छळ केला हे त्याने नाकारले नाही. मात्र असा छळ प्रत्येक धर्माने केला आहे, ख्रिस्ती धर्म त्याला अपवाद नाही, असे त्याने बजावले आणि वंशाचा मुद्दा धुडकावून लावला. गंमत म्हणजे, याच अफगाणीने दोनच वर्षांपूर्वी हैदराबादेत राहून भौतिकवाद्यांवर टीका करणारी फारसी पुस्तिका लिहिली होती. एकाच माणसाच्या लेखणीत जिथे असा झगडा आहे, तिथे चौदाशे वर्षांच्या परंपरेला एकच आवाज कसा असेल?

गझालीने नेमके काय केले?

बगदादमध्ये नवव्या शतकात ग्रीक ग्रंथांची अरबी भाषांतरे झाली. त्यांतील अग्रणी भाषांतरकार हुनैन इब्न इसहाक हा ख्रिस्ती होता. याह्या इब्न अदी हा ख्रिस्ती तत्त्वज्ञ फाराबीचा शिष्य होता. पुढे मैमोनिदीस या यहुदी विचारवंताने आपला प्रमुख तत्त्वज्ञानविषयक ग्रंथ अरबीतच लिहिला. या परंपरेला ‘इस्लामी’ म्हणायचे ते एका विशाल संस्कृतीची परंपरा या अर्थाने; ती एका धर्माच्या अनुयायांची खाजगी मालमत्ता नव्हती.

गझालीने १०९५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘तहाफुत अल-फलासिफा’ या ग्रंथात तत्त्वज्ञांवर वीस मुद्द्यांवर हल्ला चढवला. जग अनादी आहे, ईश्वराला केवळ सामान्यांचे ज्ञान होते आणि देहासह पुनरुत्थान होत नाही, ही तीन मते त्याने धर्मद्रोही ठरवली. हा हल्ला पोकळीतून आला नाही. ज्या निझामिया मदरशात तो शिकवत होता, तो सेल्जुक साम्राज्याचा वजीर निझाम-उल-मुल्क याने उभारला होता. कैरोच्या फातिमी सत्तेशी आणि इस्माइली बंडखोरांशी त्या साम्राज्याचा झगडा चालू होता. राजसत्तेला अधिकृत मतप्रणाली हवी होती. पारलौकिक वादाच्या मुळाशी इहलोकीची सत्ता असते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

परंतु याच गझालीने तर्कशास्त्र मात्र स्वीकारले, त्यावर ग्रंथ लिहिले आणि धर्मशास्त्राच्या अभ्यासात त्याला मानाचे स्थान मिळवून दिले. ज्याच्यावर तत्त्वज्ञानाच्या हत्येचा आरोप आहे, त्यानेच तत्त्वज्ञानाचे हत्यार मदरशात नेऊन ठेवले! शिवाय वाद तेथे थांबला नाही. कोर्दोब्याच्या इब्न रुश्दने त्याचे मुद्दे एकेक करून खोडून काढले. स्त्रियांना केवळ प्रजनन आणि संगोपन यांना जुंपल्यामुळे नगरे दरिद्री होतात, असे त्याने बाराव्या शतकात प्लेटोवरील भाष्यात नमूद केले. ११९५ मध्ये त्याला हद्दपार करण्यात आले आणि त्याचे ग्रंथ जाळण्यात आले. पण १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ प्रमेयांचा निषेध केला, तेव्हा त्याच्या निशाण्यावर इब्न रुश्दच्या मार्गाने जाणारे युरोपीय अध्यापकही होते. बुद्धीचा द्वेष ही कोण्या एका धर्माची मिरासदारी नाही. अरबांकडून आलेल्या मुक्त विचाराने अठराव्या शतकातील भौतिकवादाची वाट तयार केली, हे एंगल्सने ‘निसर्गाचे द्वंद्ववाद’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवले आहे.

इब्न रुश्दनंतरही दिवा विझला नाही. नसीरुद्दीन तुसीने इब्न सीनाचा पक्ष घेऊन ग्रंथरचना केली आणि १२५९ मध्ये मराघा येथे वेधशाळा उभी केली. त्याने मांडलेली गणिती रचना कोपर्निकसच्या ग्रंथातही आढळते. इब्न खल्दूनने १३७७ मध्ये राजवटींच्या उदयास्ताची कारणे समाजरचनेत आणि उपजीविकेच्या साधनांत शोधली. १६४० मध्ये निवर्तलेल्या मुल्ला सद्राने गती ही वस्तूच्या केवळ बाह्य गुणांत नसून तिच्या सत्त्वातच असते, असे प्रतिपादन केले. तो ईश्वरवादीच होता. पण जड, निश्चल द्रव्याची कल्पना त्याने आतून पोखरली.

भारतातील धागा

ही कथा परदेशाची म्हणून दूर सारता येत नाही. मीर फतहुल्ला शिराझी हा गणिती आणि तत्त्वज्ञ प्रथम विजापूरच्या आदिलशाही दरबारी होता. १५८३ मध्ये तो अकबराकडे गेला आणि त्याच्यामुळे बुद्धिप्रधान विद्यांना उत्तरेत मोठी चालना मिळाली. अठराव्या शतकात लखनौच्या फरंगी महल येथील मुल्ला निझामुद्दीनच्या पाठ्यक्रमात तर्कशास्त्राला भक्कम स्थान होते. मुल्ला सद्राचे एक भाष्य हिंदुस्थानच्या मदरशांत इतके रुळले की विद्यार्थी त्याला नुसते ‘सद्रा’ म्हणत. राममोहन रॉय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिपूजा आणि चमत्कार यांवर पहिला प्रहार केला, तो ‘तुहफत-उल-मुवाहिदीन’ या फारसी पुस्तिकेतून, अरबी प्रस्तावनेसह आणि याच तर्कपरंपरेच्या परिभाषेत. भारतीय प्रबोधनाच्या पायातील हा दगड आज कोणाला दाखवायचा नाही?

या धाग्यावर घाव घातला तो साम्राज्याने. १८३७ मध्ये कंपनी सरकारने न्यायालयांतून व महसूल कचेऱ्यांतून फारसीची हकालपट्टी केली. ज्या शिक्षणावर राज्यकारभारातील उपजीविका अवलंबून होती, त्याचा आर्थिक आधारच निखळला. त्या काळचा अग्रगण्य नैयायिक फझले-हक खैराबादी याला १८५७ च्या उठावात भाग घेतल्याच्या आरोपावरून काळ्या पाण्यावर पाठवण्यात आले आणि १८६१ मध्ये तो अंदमानातच मरण पावला. तर्कशास्त्रावर भाष्ये लिहिणारा हा पंडित ‘विचारशून्य’ समाजाचा प्रतिनिधी होता काय?

मेलेल्यावर गोळ्या झाडाव्या लागत नाहीत

परंपरा जिवंत असल्याचा सर्वात दारुण पुरावा तिच्या मारेकऱ्यांनीच दिला आहे. कुराणातील मक्केचा आणि मदिनेचा संदेश वेगळा करून समतेचा अर्थ मांडणाऱ्या महमूद मुहम्मद ताहा या वृद्ध विचारवंताला सुदानच्या निमेरी राजवटीने १९८५ च्या जानेवारीत फासावर चढवले. इजिप्तमध्ये नस्र अबू झैद याने कुराणाचा अभ्यास ऐतिहासिक पद्धतीने केला म्हणून १९९५ मध्ये न्यायालयाने त्याला धर्मभ्रष्ट ठरवून त्याचा विवाहच रद्द केला. अकराव्या शतकातील संशयवादी कवी अल-मअर्री याच्या पुतळ्याचे मस्तक सीरियातील धर्मांधांनी २०१३ मध्ये उडवले. साडेनऊशे वर्षांनंतरही त्यांना त्याची भीती वाटत होती.

लेबनॉनच्या कम्युनिस्ट चळवळीने तर या झगड्यात रक्त सांडले आहे. धर्मपंडित होण्यासाठी नजफला गेलेले कॉ. हुसैन मुरुव्वे मार्क्सवादी झाले. अरबी-इस्लामी तत्त्वज्ञानातील भौतिकवादी प्रवृत्तींचा शोध घेणारा त्यांचा ग्रंथ १९७८ मध्ये प्रकाशित झाला. १९८७ च्या फेब्रुवारीत बैरूत येथे त्यांच्या घरात शिरून त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. तीनच महिन्यांनी कॉ. महदी आमिल यांचाही त्याच शहरात भररस्त्यात खून झाला. अरब देशांच्या दुरवस्थेचे खापर अरब संस्कृतीवर फोडणाऱ्यांना त्यांनी १९७४ मध्येच सवाल केला होता: हे अरिष्ट अरब संस्कृतीचे की अरब भांडवलदारवर्गांचे? आजच्या भारतातही हाच प्रश्न विचारण्याची नितांत गरज आहे.

दोन चुका, एक कार्य

अर्थात, या परंपरेची आरती ओवाळणे हीही चूकच ठरेल. बुद्धिवादी मुअतझिला पंथाला खलिफा मामूनचा राजाश्रय मिळाला, तेव्हा ८३३ मध्ये विरोधकांच्या मतांची सक्तीने झडती सुरू झाली. आयातुल्ला खोमेनी तर कोम येथे मुल्ला सद्राचे तत्त्वज्ञान शिकवीत असत! तत्त्वज्ञान आपोआप कोणालाही मुक्त करीत नाही. ते कोणत्या वर्गाच्या हाती आणि कोणत्या सत्तेच्या सेवेला आहे, यावर सारे अवलंबून असते.

परंतु म्हणूनच ही भूमी शत्रूला सोडून देणे हा गुन्हा आहे. मुस्लिम वस्तीतील विणकराला आणि बिडी कामगाराला ‘तुझ्या परंपरेत प्रश्नच नाहीत’ असे सांगणारा कार्यकर्ता त्याला मुल्लाच्या दारात नेऊन सोडतो. आणि हिंदू कामगाराच्या मनात तोच कार्यकर्ता जमातवाद्यांसाठी मशागत करून ठेवतो. इब्न रुश्द आणि गझाली, ताहा आणि त्याचा फाशीचा हुकूम काढणारे, मुरुव्वे आणि त्यांचे मारेकरी हे सारे एकाच परंपरेच्या अंगणात एकमेकांसमोर उभे आहेत. झगडा संपलेला नाही. अभ्यासवर्गातून, ग्रंथालयातून आणि वस्त्यांतील सभांतून हा झगडा सांगणे, त्यात कोणाच्या बाजूला उभे राहायचे ते ठरवणे आणि वगळलेले प्रकरण जनतेच्या शाळेत पुन्हा उघडणे, हेच आजचे कार्य आहे.