छिद्रांतील संगीत

यंत्रातून निघालेले संगीत हे खरे संगीतच नव्हे, असे मानणारे रसिक पुष्कळ आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु ते सर्वस्वी मान्य करावयाचे, तर अमेरिकेतील एका थोर रचनाकारावर मोठा अन्याय होईल.

रॅगटाइम हे मुख्यतः पियानोचे संगीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनी ते घडविले. वादकाचा डावा हात चालत्या पावलांप्रमाणे लय राखतो. उजवा हात त्या लयीला हुलकावणी देत ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे स्वर फेकतो. १८९९ साली स्कॉट जॉप्लिन यांचा ‘मेपल लीफ रॅग’ छापून प्रसिद्ध झाला, आणि या संगीताला मान मिळाला.

पुढे आपोआप वाजणारे पियानो घरोघर आले. त्यांत भोके पाडलेल्या कागदाची गुंडाळी बसवीत. समोर बसलेला माणूस पायांनी भाता चालवी; कागद एका पितळी दांडीवरून सरके, आणि ज्या स्वराचे भोक दांडीवरील छिद्रावर येई, त्याची हातोडी तारेवर पडे. कोणाच्या बोटांचा स्पर्श नसता पट्ट्या खालीवर होताना पाहून मुलेच काय, मोठी माणसेही थक्क होत.

जॉप्लिन यांनी १९१६ साली अशा काही गुंडाळ्यांसाठी वादन केले. त्यांच्या वादनाचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांच्या हाताची खूण उरली ती या कागदांवरच. पण तेव्हा त्यांचे शरीर रोगाने पोखरले होते. १ एप्रिल १९१७ रोजी ते निवर्तले. शिवाय कारखान्यातील कारागीर भोके दुरुस्त करीत, वादकाने न वाजविलेले स्वरही कधी घालीत. अशा कागदांवरून त्यांच्या उमेदीतील वादन जोखणे, म्हणजे आजाऱ्याच्या थरथरत्या सहीवरून त्याचे वळणदार अक्षर जोखणे होय. म्हणून कागद टाकून द्यावा काय? मुळीच नाही. थरथरती असली तरी सही त्यांचीच आहे.

मात्र त्या सहीमागचा माणूस भेटावयाचा, तर प्रत्यक्ष मैफलीलाच जावे. रॅगटाइम जलद वाजवू नये, अशी सूचना जॉप्लिन आपल्या छापील रचनांवर देत. यंत्राची कळ सरकविली की कागद धावू लागतो, आणि पुष्कळांना तीच गंमत वाटते. जाणता वादक धावत नाही. तो स्वर क्षणभर रोखतो, श्रोत्यांची पावले ठेका धरू लागली की मग सोडतो. सेडेलिया या मिसुरीतील गावी, जेथे ‘मेपल लीफ रॅग’ छापून निघाला, १९७४ साली जॉप्लिन यांच्या नावाने पहिला महोत्सव भरला. आजही वादक तेथे जमतात.

न्यूयॉर्कमधील जॉप्लिन यांच्या थडग्यावर नाव कोरलेला दगड बसला, तोही त्याच वर्षी. तोवरच्या सत्तावन्न वर्षांत ते नाव जुन्या गुंडाळ्यांच्या चिठ्ठ्यांवर मात्र शाबूत होते.