डाळिंब आणि कोलेस्टेरॉलची गोळी

इंदापूरकडचे भगवा डाळिंब जळोचीच्या बाजारात दिसू लागले की पालक आम्हाला हमखास विचारतात: अब्बांना कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, ती सोडून रोज अनारचा रस दिला तर चालेल का? मोबाइलवर तसे संदेश फिरत असतात. काही घरांत गोळी बंदही झाली, म्हणून हे लिहितो आहोत.

कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही. चरबी आणि प्रथिनांच्या सूक्ष्म कणांत बसून ते फिरते. त्यातले एलडीएल कण रक्तवाहिनीच्या भिंतीत अडकले की ऑक्सिजनमुळे बिघडतात, उघड्या बरणीतले तेल खवट होते तसेच. हे खवट कण पांढऱ्या पेशी गिळतात आणि फुगून तिथेच साचतात. भिंतीतल्या स्नायुपेशीही वाढू लागतात. वाट अरुंद होते.

डाळिंबातली पॉलिफेनॉल द्रव्ये हा बिघाड रोखायला मदत करतात, हे खोटे नाही. हैफाचे संशोधक मायकेल अविराम यांनी २००० साली निरोगी पुरुषांना रस देऊन तसे परिणाम नोंदवले. पण कण कमी खवटले म्हणजे कण कमी झाले असे नव्हे. स्टॅटिनची गोळी कणांची संख्याच घटवते. ते काम रस करत नाही.

आणि नळीत दिसलेले माणसात उतरतेच असेही नाही. ई जीवनसत्त्वसुद्धा एलडीएलला खवटू देत नाही. २००० सालच्या ‘होप’ चाचणीत साडेनऊ हजार रुग्णांपैकी निम्म्यांना ते काही वर्षे दिले. हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. पेशींच्या वाढीचे तर उलटेच झाले. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. त्यात बीटा-कॅरोटिनच्या, म्हणजे गाजरातल्याच द्रव्याच्या, गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. हा निकाल १९९४ चा. तरी ‘अँटिऑक्सिडंट’ लिहिलेल्या महागड्या बाटल्या खपतातच!

कुणी म्हणेल, सूरह रहमानमध्ये अनारचे नाव आहे. आहेच, पण ते जन्नतच्या मेव्यात आहे. त्यावरून डॉक्टरांची चिठ्ठी फाडायची नसते.

डाळिंब जरूर खा, दाणे चावून खा. रसात चोथा जातो, साखर राहते. मधुमेह असलेल्या अम्मी-अब्बांना ग्लासभर रस नकोच. गोळीने अंग दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बदलतात. आणि खर्चाची अडचण असेल तर तेल्याचे डाग पडलेले फळ घ्या. ते स्वस्त मिळते, आणि साल तडकलेली नसेल तर आतले दाणे चांगले असतात.