फिलिप्पैतल्या त्या मुलीचे पुढे काय झाले?



प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16 पुन्हा एकदा काढून वाचा. फिलिप्पै नगरात एक दासी पौलाच्या मागे ओरडत फिरते. ती भविष्य सांगते आणि तिच्या कमाईवर तिचे धनी गबर झालेले आहेत. पौल तिला त्या दुष्ट आत्म्यापासून मोकळी करतो. धंदा बसला म्हणून धनी चिडतात. मग पौल आणि सीला यांना फटके, तुरुंग, मध्यरात्री भूकंप, तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा बाप्तिस्मा. प्रवचनात आपण भूकंपावर बोलतो, बाप्तिस्म्यावर बोलतो. त्या मुलीचे काय झाले? लूकने लिहिलेले नाही आणि आपणही विचारत नाही. कमाई बंद झालेल्या दासीला धन्यांनी त्या रात्री कसे वागवले असेल? त्याच गावात लुदियाचे घर होते. तिथपर्यंत ती पोहोचली का?

मला हा प्रश्न छळतो, कारण अशी एक मुलगी मी हातातून घालवली आहे. परराज्यातून सुटून आलेल्या तिला आम्ही रविवारच्या मिस्सानंतर साक्ष द्यायला उभे केले. माईक मीच तिच्या हातात दिला. ती बोलली, लोक रडले, मोबाईलवर चित्रण झाले. पुढच्या रविवारी ती आली नाही, नंतर कधीच आली नाही. घरी गेले तेव्हा तिची आई दारातच म्हणाली, "ताई, आता साऱ्या गावाला माहीत झालं."

"देवाचे उपकार सांगायला लाज कसली?" असे मला आजही सुनावले जाते. सुनावणाऱ्यांपैकी एकानेही स्वतःच्या मुलीला त्या माईकपुढे उभे केले नसते. पीडित मूल अठरा वर्षांखालचे असेल तर त्याची ओळख उघड करणे हा बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपण मात्र त्याला सुवार्ता समजून गटांवर पाठवतो.

आपल्याला वाटते की दलाल म्हणजे कोणी काळा चष्मेवाला परका. योसेफाला वीस रुपयांना विकले ते त्याच्या भावांनीच. आमच्या बेला-जैनथ पट्ट्यात काय, यवतमाळ-किनवटकडे काय, स्थळ आणणारी मावशी असते, कामाची उचल देणारा मुकादम ओळखीचाच असतो. आसिफाबादकडच्या आदिवासी मुली लग्नाच्या नावाखाली मध्य प्रदेशात विकल्या गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या. लग्न ठरवणारा कोण, नवरा कुठला, हे विचारायला त्या गावात कोणी गेले होते का? पॅरिशमध्ये लग्नाच्या तीन पुकारण्या आपण नेमाने करतो. शेजारच्या वाडीतल्या मुलीसाठी एक चौकशी जड होते.

सुटकेचे आपल्याला भारी आकर्षण. धाड पडली, मुलगी सुटली, फोटो आला. पंडिता रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना दलालांच्या तोंडातून काढून केडगावला घेऊन आल्या. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर आज त्यांचे नाव कोणी घेतले नसते. त्यांनी तिथे शाळा चालवली, माग लावले, छापखाना घातला, शेती केली. आणलेली मुलगी आपल्या पायावर उभी राहीपर्यंतचा खर्च, कटकट आणि वर लोकांची बोलणी, सगळे त्यांनी अंगावर घेतले. (धर्मांतराचा आरोप तेव्हाही झाला, आजही होईल. म्हणून मदतीच्या बदल्यात प्रार्थनेला येण्याची अट घालू नये, आडूनही नाही.)

"आपण काय पोलीस आहोत?" नाही आहोत, आणि पोलीस होऊही नये. संशय आला तर 112, मूल असेल तर 1098. मुलाला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे नेणे बंधनकारक आहे. आपल्या सभागृहात ठेवून घेऊन त्याची उलटतपासणी करू नये. पण पोलीस जिथे थांबतात तिथून आपले काम सुरू होते, आणि ते अगदी रटाळ आहे. वेठबिगारीतून सुटलेल्याला सुटकेचा दाखला मिळाला की नाही ते पाहणे, कारण पुनर्वसनाची मदत त्या कागदावर अडते. रेशनकार्डात नाव परत चढवणे. विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज लिहून देणे. मानवी व्यापाराच्या पीडितांना तिथे वकील फुकट मिळतो, फोन 15100. आणि गोंडी किंवा मराठी बोलणाऱ्या मुलीबरोबर दूरच्या कोर्टात दिवसभर बाकावर बसणे, कारण तारखा पडत राहतात, एकटी ती थकते, आणि ती थकण्याचीच आरोपी वाट पाहत असतो.

चांगल्या शोमरोन्याने जखमीला उतारशाळेत पोहोचवून काम उरकले नाही. दोन दिनार मोजले आणि जास्त लागले तर परत आल्यावर देतो म्हणाला. परत येण्याचे ते वचन आपण प्रवचनात गाळतो.

8 फेब्रुवारीला संत जोसेफिन बखिता यांचा सण आहे. लहानपणी सुदानमध्ये पळवून नेऊन अनेकदा विकल्या गेलेल्या या बाईंच्या नावाने त्या दिवशी जगभर मानवी व्यापाराविरुद्ध प्रार्थना होते. आमच्याकडेही मेणबत्त्या लावायच्या आहेत. मी येईन. माईकचे काम मात्र यंदा दुसऱ्या कोणी पाहावे. त्याच आठवड्यात एका मुलीची परराज्यातल्या कोर्टात तारीख आहे आणि तिच्याबरोबर जायला मी आहे. अजून एक बाई हवी आहे, शक्यतो हिंदी नीट बोलणारी. तिकीट माझ्याकडून.