सुट्टी उघडी, कपाट बंद

मे महिना जवळ आला की शहरांत उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात आणि त्यांच्याच शेजारी ‘मुलांनी सुट्टीत काय वाचावे’ याच्या याद्या प्रसिद्ध होतात. याद्या करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु पुस्तक विकत घेण्याची ऐपत घरात आहे, हे त्या बहुधा गृहीत धरतात. पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी कादंबरी निवडणे हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नव्हे. ती कोणाच्या हाती पडणार, हा त्याच प्रश्नाचा पूर्वार्ध आहे.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींची पुस्तके असावीत, असे त्याच्या परिशिष्टात स्पष्ट म्हटले आहे. पुस्तके अनेक शाळांत पोहोचलीही. तथापि पुस्तक फाटले वा हरवले तर हिशेब कोण देणार, ही धास्ती शिक्षकाला असते. परिणामी सुट्टी लागताच पहिले कुलूप पुस्तकांच्या कपाटाला लागते. मुलाला वाचायला सवड मिळते नेमक्या त्याच दिवशी पुस्तक बंदिवान होते.

याचा सर्वांत मोठा फटका ऊसतोडणी कामगारांच्या मुलांना बसतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. गळीत हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी, त्या परततात. आईबापांबरोबर फडावर गेलेले मूल शाळा भरते तेव्हा गावात नसते आणि ते गावात येते तेव्हा शाळा मिटण्याच्या बेतात असते. त्याच्या दृष्टीने उन्हाळा हीच शाळा होऊ शकते. पण कपाट उघडे असेल तर.

आता निवडीविषयी. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. बेचाळीस रात्री सांगितलेली ही कहाणी रोज एक रात्र वाचली तर सहा आठवडे पुरते. मात्र ती संस्काराचे औषध म्हणून पाजू नये. गरिबीतही मान न सोडणारे एक घर म्हणून मुलांनी ते पाहावे, आणि त्या आईच्या वाट्याला एवढे कष्ट का आले, हा प्रश्नही त्यांना विचारू द्यावा. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) सातवीतल्या मुलाला नक्की झेपेल. धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर शाळा जमवतो आणि दुष्काळ ती उधळून लावतो. फडावरून परतलेल्या मुलाला ही गोष्ट कोणी समजावून द्यावी लागणार नाही. आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (१९८७) शाळेसाठी बापाशी झुंजणारा मुलगा आहे, तिचे निवडक भाग मोठ्यांनी वाचून दाखवावेत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर निव्वळ मौजेसाठी हवाच. मौज हा श्रीमंतांच्या मुलांचा राखीव हक्क नव्हे.

या यादीतील उणीव लपवण्याचे कारण नाही. नायक बहुतेक मुलगेच आहेत. मुलींना स्वतःची नायिका हवी असेल तर ताम्हनकरांची ‘चिंगी’ किंवा जपानहून आलेली ‘तोत्तोचान’ यांच्याकडे वळावे लागते. मराठी लेखकांनी आणि प्रकाशकांनी या गोष्टीचा विचार करावयास हवा.

किमतीचा मुद्दाही टाळता येणार नाही. एके काळी मॉस्कोहून छापून येणारी मराठी बालपुस्तके अल्प किमतीत घरोघर पोहोचत. त्या राजवटीशी लोकशाही समाजवाद्यांचे मतभेद जगजाहीर होते. परंतु पुस्तकाच्या खर्चाचा भार वाचकावर न टाकता समाजाने उचलला की काय घडते, हे त्या पुस्तकांनी दाखवून दिले. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि तो ओघ आटला. महाराष्ट्राला ते काम स्वतः करता येते. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा येथे १९६७ पासून आहे आणि अनुदानपात्र ग्रंथालयांचे जाळेही आहे. एक प्रत वीस मुलांनी वाचली तर दरडोई खर्च विसाव्या हिश्शावर येतो आणि पुस्तकाचे मोल मात्र रतिभरही घटत नाही. पाने सुटलेले पुस्तक ही तूट नव्हे. खर्च सार्थकी लागल्याची ती पावती आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. सुट्टीपूर्वी प्रत्येक मुलाला दोन पुस्तके घरी न्यावयास मिळावीत. वाचनाने झिजलेल्या व हरवलेल्या पुस्तकांची रक्कम शिक्षकाकडून वसूल न करता शासनाने सोसावी. गावच्या ग्रंथालयाने मे महिन्यात दुपारची वेळ मुलांसाठी राखावी आणि खरेदीच्या वेळी मुलांचे मत घ्यावे. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांनी शासनाची वाट न पाहता पुस्तकांची एकेक पेटी वाड्यावस्त्यांवर न्यावी. पेटीला कडी असावी, कुलूप नसावे.