पत्रिकेवर भगवंतांचं चित्र नको



मागच्या डिसेंबरात, म्हणजे 2025 मध्ये, माझ्या धाकट्या लेकीचा स्वागत समारंभ झाला. तेव्हापासून ओळखीतल्या तिघीचौघींनी विचारलं, "पत्रिका इतकी साधी का केली? एकच तर मुलगी!" प्रत्येकीला थोडं थोडं सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहिते. माझं मत स्पष्ट आहे, काहींना कदाचित आवडणार नाही. लग्नाच्या किंवा स्वागत समारंभाच्या पत्रिकेवर तीर्थंकरांचं चित्र आणि णमोकार मंत्र छापू नये.

हे शहाणपण मला आधीपासून नव्हतं. सहा वर्षांपूर्वी मुलाच्या लग्नात मीच हौसेने भगवान पार्श्वनाथांचं सोनेरी चित्र असलेली पत्रिका पसंत केली होती. आत णमोकार मंत्र. सातशे छापल्या. लग्नानंतर महिन्याभराने वर्तमानपत्रांची रद्दी द्यायला गेले, तर दुकानाच्या दारात जमिनीवर आमचीच पत्रिका पडलेली. वरून कुणाची तरी चप्पल गेलेली होती. मी ती उचलली, पदराने पुसली आणि घरी आणली. दुकानदाराला काय बोलणार? त्याला कुणीतरी रद्दी विकली, त्याने घेतली. विकणाऱ्यानेही तारीख उलटून गेल्यावर पत्रिका किती दिवस जपायची? छापली मी होती, म्हणजे दोषही माझाच.

विचार करा, देवळात प्रतिमेला हात लावायचा तर आपण अंघोळ करून, शुद्ध वस्त्र नेसून जातो. गंधोदक जमिनीवर सांडू नये म्हणून किती जपतो! आणि त्याच भगवंतांचं चित्र सातशे कागदांवर छापून टेम्पोत, कुरिअरच्या पोत्यात, गाडीच्या सीटखाली, शेवटी रद्दीत जाऊ देतो. हा अविनय आहे. तो आपण पैसे देऊन करतो.

या वेळी घरात मी हे बोलले तेव्हा सासूबाई नाराज झाल्या. त्यांचं वय 82. "मंगलकार्याच्या कागदावर भगवंत नाहीत, मग मंगल काय राहिलं?" असं म्हणाल्या. त्यांच्याशी वाद घालणं मला जमत नाही, आणि शोभतही नाही. कपाटात जपून ठेवलेली ती जुनी पत्रिका मी त्यांच्या हातात दिली. चपलेचा डाग अजून पुसट दिसत होता. त्या काही बोलल्या नाहीत, जेवणही गप्पच झालं. दुसऱ्या दिवशी देवदर्शन करून आल्यावर म्हणाल्या, "चित्र राहू दे. पण देवापुढे ठेवायची पत्रिका मात्र नीट हवी."

तसंच केलं. देवळात ठेवायची पहिली पत्रिका मी हाताने लिहिली. मंत्र, मंगलवचन, सगळं त्या एकीवर. बाकीच्या छापील पत्रिकांवर वर फक्त "जय जिनेंद्र". त्यावर लेक म्हणालीच, "आई, तेही पवित्रच की!" तिचं खरं आहे. पण ते आपलं भेटल्यावरचं अभिवादन आहे, आमंत्रणाची सुरुवात त्याने व्हावी असं मला वाटलं. कुणाला तेही नको वाटलं तर मी त्यांच्याशी भांडणार नाही.

चित्र काढलं की पत्रिका सोवळी झाली असं मात्र नाही. दुकानदाराने दाखवलेल्या नमुन्यांत एकावर रेशमी कापड चिकटवलेलं होतं. रेशमासाठी कोष उकळतात, आत कीटक असतो. पूजेला आपण रेशीम टाळायचं आणि पत्रिकेला लावायचं, हे कसं? दुसऱ्या नमुन्यात पाकिटावर लाखेचं सील होतं. लाखही किड्यांपासूनच मिळते. हल्ली सील पुष्कळदा साध्या मेणाचं किंवा प्लास्टिकचं असतं, पण विचारून घ्यावं. तिसऱ्या पत्रिकेवर चकचकीत प्लास्टिकचा पातळ थर होता. असा कागद पुन्हा लगद्यात घालणं अवघड जातं. आम्ही शेवटी साधा जाड पांढरा कागद घेतला, एका रंगात छपाई, मागची बाजू कोरी. माणशी न मोजता घरटी मोजलं आणि 250 पत्रिका पुरल्या. लांबच्यांना फोन केला आणि मोबाइलवर मजकूर पाठवला. त्यातही चित्र नव्हतं.

प्रूफ मात्र सगळ्यांनी वाचा. आमच्या प्रुफात वीर निर्वाण संवत 2551 आलं होतं, बहुधा जुन्या पत्रिकेवरून उतरवलेलं. दिवाळीनंतर हे वर्ष बदलतं. इसवी सनात दिवाळीपर्यंत 526 आणि दिवाळीनंतर 527 मिळवायचे. म्हणजे डिसेंबर 2025 साठी 2552.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, वेळ. आपल्या पत्रिकांवर सर्रास छापतात, "स्वागत समारंभ व स्नेहभोजन, सायं. 7 ते 10". आणि हॉलमध्ये मेनू कार्डावर मोठ्या अक्षरांत "जैन भोजन". डिसेंबरात आमच्या सांगलीकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. रात्री नऊ वाजता कांदा-बटाट्याशिवायची भाजी वाढून ते जैन भोजन कसं होणार? मे महिन्यातसुद्धा सातच्या आसपास सूर्यास्त होतो. वरच्या ओळीत देवाचं नाव आणि खालच्या ओळीत रात्रिभोजनाचं आमंत्रण, हे मला चित्रापेक्षाही जास्त खटकतं.

आम्ही रविवार घेतला आणि छापलं, "दुपारी 3 ते 6. भोजन 3.30 पासून. सूर्यास्तानंतर भोजनाची व्यवस्था नाही." व्याही जरा अडखळले. त्यांच्या ऑफिसातली मंडळी पुण्याहून येणार होती, उशीर झाला तर उपाशी परत जातील ही त्यांची काळजी रास्त होती. म्हणून त्या पंधरा-वीस जणांना जावयांनी स्वतः फोन करून वेळ सांगितली. तरी दोन कुटुंबं उशिरा पोचली आणि न जेवता गेली. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून मी क्षमा मागितली. पण वेळ बदलायला हवी होती, असं आजही वाटत नाही.

तुमच्याकडे मे महिन्याच्या तारखा ठरल्या असतील तर नमुने बघायला जाण्याआधी घरात एवढंच विचारा, समारंभ झाल्यावर या कागदाचं काय होणार? उत्तर मिळालं की निम्मे नमुने आपोआप बाजूला पडतील. आणि कपाटात चित्रांच्या जुन्या पत्रिका असतील तर रद्दीत घालू नका. आपल्या देवळात विचारा, तिथे त्यांची नीट सोय होते का ते पाहा.

परवा विहीणबाईंकडे गेले होते. स्वयंपाकघरात फ्रिजवर लेकीची पत्रिका उलटी लावलेली दिसली. कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशोब लिहिला होता. मला बघून त्या ओशाळल्या आणि काढायला लागल्या. मी म्हटलं, "असू द्या हो, त्यासाठीच मागची बाजू कोरी ठेवली होती."

जय जिनेंद्र.